कोकणात स्नो मोड

आमच्या गावात यायचं तर सड्यावरून खाली उतरावं लागतं. किनाऱ्यालगतच्या बहुतेक गावांचं असंच आहे. वर लांबच लांब कातळ, आणि कातळ संपला की रस्ता एकदम तोंड खाली करून समुद्राकडे निघतो. पावसच्या पुढचा आमचा हा उतार जेमतेम पाऊण किलोमीटरचा. चार वळणं, दोन मोऱ्या, दोन्ही अंगांना चिऱ्यांचे गडगे, आणि वर आंब्या-फणसांची इतकी दाट सावली की जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्या डांबराला ऊन म्हणून लागत नाही. जुलै लागला की रस्त्याच्या कडा हिरव्या होतात, ऑगस्टात मधला पट्टाही. शेवाळ इतकं बुळबुळीत की माणसं चपला हातात घेऊन चालतात.

ह्या उतारावरून आठवड्यातून दोनदा मी सासूबाईंना घेऊन रत्नागिरीला जाते. मंगळवार आणि शुक्रवार. सकाळी सातला मशीनवर घेतात, चार तास लागतात, मग पंचवीसेक किलोमीटर परत. पाऊस कितीही लागला तरी डायलिसिस उद्यावर टाकता येत नाही. एक पाळी चुकली की त्यांचे पाय सुजतात, रात्री आडवं पडलं की धाप लागते. हे मुंबईला नोकरीत, महिन्यातून एकदा येतात, त्यामुळे गाडी मीच चालवते. २०२४च्या जुलैत आमची जुनी छोटी गाडी ह्याच उताराच्या तळाशी, मोरीजवळच्या चिखलात रुतली. वाडीतल्या चौघांनी सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, डोक्यावर इरलं धरून सड्यापर्यंत उचलून नेलं. त्या दिवशीच ठरवलं, पुढच्या पावसाळ्याच्या आत दुसरी गाडी घ्यायची.

माझा डावा गुडघा झिजलेला आहे, त्यामुळे क्लच नको होता. ऑटोमॅटिकच हवी, आणि चिखलातून निघायला चारही चाकांना ताकद देणारी हवी. नवी परवडणारी नव्हती. जानेवारीत एक २०१९ची डिझेल गाडी मिळाली, कमी चाललेली, एकहाती. गिअरच्या दांड्यामागे एक गोल खटका होता: ऑटो, स्नो, सँड, मड. स्नोच्या पुढे हिमकणाचं छोटं चित्र. मी ते बघून सोडून दिलं. कोकणात बर्फ कुठला? मडवर मात्र माझी भिस्त होती. विकणारा म्हणाला, ‘ताई, ही गाडी घसरतच नाही. टायरची नक्षी बघा, नव्यासारखी आहे.’ नक्षी खरंच खोल होती. मी तिच्यावरून हात फिरवला आणि समाधान मानलं.

२०२५ला पाऊस मे महिन्यातच आला. २५ मेला मान्सून देवगडपर्यंत पोचल्याची बातमी आली तेव्हा आमच्याकडे आंबे अजून झाडावर होते. मंगळवारी, २७ला, दुपारी एकच्या सुमारास आम्ही परत येत होतो. पहिल्या पावसाचा रस्ता सगळ्यात वाईट. सात-आठ महिने डांबरावर बसलेली धूळ, गाड्यांच्या ऑईलचे थेंब, कुजका पाला, सगळं पहिल्या सरींनी वर येतं आणि धुऊन जाईपर्यंत साबणासारखं पसरतं. हे मला लहानपणापासून माहीत. पण आता गाडी चार चाकांच्या ताकदीची होती. सड्यावर तर ती रुळावर धावल्यासारखी आली होती. त्याच भरवशावर मी ताशी तीसने उताराला लागले.

दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी खालून एक दुचाकी वर आली. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल भर्रर्र थरथरायला लागलं, पुढून कटकट कटकट आवाज आला. मला वाटलं ब्रेकचं काहीतरी तुटलं. दचकून पाय उचलला. गाडी मोकळी सुटली. परत दाबला, परत तीच थरथर. स्टिअरिंग मी उजवीकडे होतं तेवढं वळवलं होतं, आणि गाडी नाकासमोर सरळच चालली होती. दुचाकीवाला कडेने निसटला. आमचा डावा कोपरा गडग्याला लागला, वरचे तीन चिरे गटारात पडले आणि गाडी थांबली.

सासूबाई मागच्या सीटवर होत्या. फिस्च्युलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडलेला हात त्यांनी दुसऱ्या हाताने छातीशी घट्ट धरलेला. त्या हातावर रक्तदाबाचा पट्टासुद्धा बांधू द्यायचा नसतो, इतकं त्याला जपावं लागतं, आणि मी त्यांना गडग्यावर नेऊन आपटलं होतं. ‘आई, हात बघू,’ म्हटलं. त्यांनी पुढे केला. मी दोन बोटं अलगद टेकवली. फिस्च्युलातून रक्त नीट वाहत असलं की त्वचेखाली एक बारीक थरथर लागते, मांजर घुरघुरतं तशी. ती होती. सासूबाई म्हणाल्या, ‘मला काही झालं नाही. चिरे उचलून ठेव आधी, कोणाचा तरी गडगा आहे.’

पुढचे पंधरा दिवस मी वडापची जीप ठरवून गेले. गाडी खळ्यात ताडपत्रीखाली.

जूनमध्ये माझा भाचा आला. तो मॉन्ट्रियलला असतो, नऊ वर्षं झाली. तिकडे तो ह्याच प्रकारची गाडी चालवतो, ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद देणारी, आणि वर्षातले चार महिने बर्फात चालवतो. मी त्याला सगळं सांगितलं, थरथर, कटकट, सरळ चाललेली गाडी. त्याने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. ऐकून झाल्यावर म्हणाला, ‘मावशी, टायर दाखव.’

पावसाची उघडीप होती. तो खळ्यात उकिडवा बसला आणि मोबाईलचा उजेड टायरच्या बाजूवर धरला. अक्षरांच्या एका लांबलचक ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे होते: ०९१९. ‘२०१९चा नववा आठवडा. टायर गाडीबरोबरचेच आहेत.’ मी म्हटलं, पण नक्षी किती खोल आहे. तो म्हणाला, नख रोवून बघ. रोवलं. रुतेना. लाकडावर नख ओढावं तसं वाटलं. मग त्याने मला त्याच्या आईच्या नव्या स्कूटरपाशी नेलं आणि तिच्या टायरवर नख रोवायला लावलं. तिथे नखाची कोर उमटली आणि हळूहळू भरून आली. तेवढ्यात मला कळलं.

नक्षीचं काम पाणी बाहेर काढायचं. ती झिजली की टायर पाण्यावर तरंगतो, म्हणून १.६ मिलिमीटरची कायदेशीर मर्यादा आहे, आणि नक्षीच्या खाचांत त्या उंचीच्या बारीक आडव्या पट्ट्या दिलेल्या असतात. टायर झिजून त्या पट्ट्यांशी सपाट झाला की बदलायचा. पण रस्त्याला धरून ठेवतं ते रबर. आमची गाडी कमी चाललेली, बहुतेक काळ कुठेतरी उन्हात उभी. नक्षी शाबूत राहिली आणि रबर कडक होऊन गेलं. गुळगुळीत झालेला टायर कोणीही ओळखतो. हा मला ओळखू आला नाही, आणि विकणाऱ्याला तो ओळखून घ्यायचा नव्हता.

भाच्याकडून मग तिकडच्या टायरांचं ऐकलं. सात अंशांच्या खाली तापमान गेलं की साधं रबर आखडतं, म्हणून थंडीचे टायर वेगळे असतात. त्यांचं रबर गारठ्यातही मऊ राहतं आणि नक्षीला शेकडो बारीक चिरा असतात. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर लावणं कायद्याने सक्तीचं आहे, चार चाकांना ताकद असलेल्या गाडीलासुद्धा. मी विचारलं, मग चार चाकांच्या ताकदीचा उपयोग काय?

त्याचं उत्तर जसंच्या तसं आठवतं, कारण ह्या सगळ्या प्रकरणात मला जे कळायला हवं होतं ते तेच होतं. ‘ती निघायला असते मावशी, थांबायला नाही. ब्रेक तुझ्या जुन्या गाडीलाही चारही चाकांना होते. दोन चाकांवर चालणारी गाडी निसरड्यावर निघतानाच चाक फिरवते. माणसाला तिथेच कळतं, आज रस्ता वाईट आहे. ही गुपचूप निघते. तुला काहीच कळू देत नाही. पहिल्यांदा कळतं ते ब्रेक दाबल्यावर.’

मला २७ मेची दुपार आठवली, सड्यावर रुळावरून धावल्यासारखी आलेली गाडी.

टायर चारही एकदम बदलले. दोनच बदलता येतील का असं मी विचारलं होतं. पण अशा गाडीत पुढच्या-मागच्या टायरांचा घेर सारखा असावा लागतो. नाहीतर चाकं कायम वेगवेगळ्या गतीने फिरत राहतात आणि मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या यंत्रणेवर उगाच ताण येतो. सुपारीचे बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. टायरवाल्याकडे मी नव्या टायरांवरचे चार आकडे आधी वाचले, मग पैसे दिले. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, तेवढीच भरली. निसरड्यावर हवा कमी ठेवावी असं आमच्याकडे बरेच जण सांगतात. डांबरावर तसं करू नये, नक्षीच्या खाचा मिटतात आणि पाणी बाहेर जात नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, आता रिकामी जागा दाखव. तिकडे दरवर्षी पहिला बर्फ पडला की तो रिकाम्या पार्किंगमध्ये जातो आणि मुद्दाम जोरात ब्रेक दाबतो. गाडी किती घसरते ते पायाला आठवून द्यायचं. आमच्याकडे अशी जागा म्हणजे सड्यावरच्या बंद पडलेल्या चिरेखाणीसमोरचं मैदान, पूर्वी जिथे ट्रक भरायचे. सड्यावर गाडी घालताना मी जागा बघूनच घालते, आमच्या भागातल्या कातळावर जुनी कातळशिल्पं आहेत आणि पावसाळ्यात बारीक फुलांचे गालिचे. हे मैदान खणून-भरून सपाट केलेलं, वर लाल मातीचा पातळ थर, पावसात लोण्यासारखं. खाणमालकाला विचारलं, तो हो म्हणाला. पाण्याने भरलेल्या खड्ड्यापासून लांबचा अर्धा भाग आम्ही घेतला.

‘ताशी वीसवर ये आणि ब्रेक पूर्ण दाब. पाय उचलायचा नाही.’

मी दाबला. तीच भर्रर्र. पाय आपोआप वर यायला लागला. ‘दाबून ठेव, दाबून ठेव!’ ठेवला. गाडी थरथरत, कटकट करत, पण सरळ जाऊन थांबली. दुसऱ्या वेळी त्याने थरथर सुरू असताना स्टिअरिंग वळवायला लावलं, आणि गाडी वळली. चाक जाम झालं की ते नुसतं घसरतं, वळत नाही. एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, एका सेकंदात कित्येकदा ब्रेक सोडतं-धरतं, म्हणून चाक फिरत राहतं आणि म्हणून वळता येतं. पेडलची थरथर म्हणजे ते काम चालू आहे. मी मे महिन्यात ती ऐन कामाच्या वेळी बंद पाडली होती. फिस्च्युलाची थरथर बोटांना लागली की मला हायसं वाटतं, ती थांबली तर डॉक्टरांकडे धावायचं असतं. पायाखालची थरथरही तशीच होती, आणि तिला मी घाबरले. त्या दिवशी सकाळभर मी पंधरा-वीस वेळा ब्रेक दाबला, शेवटी पाय आपणहून खाली राहायला लागला.

एक गोष्ट त्याने बजावली. सैल मातीवर, खडीवर आणि ताज्या बर्फावर एबीएसमुळे गाडी उलट थोडी लांब जाऊन थांबते, कारण जाम झालेलं चाक आपल्यापुढे मातीचा ढीग लोटतं आणि त्याला अडतं, फिरणारं चाक त्यावरून जातं. वळता येतं, पण अंतर जास्त लागतं. तेव्हा अंतर आधीच ठेवायचं.

अंतराचा हिशोब त्याने मैदानावर चिरे मांडून दाखवला. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद जातो, म्हणजे पहिला चिरा ११ मीटरवर. तिथून पुढे कोरड्या डांबरावर नऊ-दहा मीटर, ओल्या डांबरावर पंधरा-सोळा, आणि गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर साठाच्या वर. शेवटचा चिरा ठेवायला तो चालत गेला तो मैदानाच्या टोकाला पोचला. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट, हे शाळेत शिकलेलं मला त्या चिऱ्यांच्या रांगेत दिसलं. आमचं शेवाळलेलं डांबर ह्यात कुठे बसतं ते आकड्यात सांगता येत नाही. चालून बघितलं तर पायाला कळतं.

मग उतार.

आधी आम्ही तो चालत उतरलो, छत्री घेऊन. सगळ्यात तीव्र टप्पा दुसऱ्या आणि तिसऱ्या वळणामध्ये, आठ पावलांना एक पाऊल खाली. भाचा थांबून म्हणाला, ‘हा उतार मॉन्ट्रियलमध्ये असता आणि रात्री पाऊस गोठला असता, तर सकाळी इथे कोणी गाडी घातली नसती.’ गोठलेल्या बर्फाची पकड गाडीच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी. उतार आठव्या हिश्शाचा. चारही चाकं जाम करा, उत्तम टायर लावा, गाडी खाली जातच राहणार, कारण उतार पकडीपेक्षा मोठा आहे. तिकडे रस्त्यावर मीठ आणि खडी टाकतात ती म्हणूनच. पुलांवर आणखी जपावं लागतं, खालूनही वारा लागतो म्हणून पूल रस्त्याच्या आधी गोठतो, आणि तो बर्फ इतका पातळ नि पारदर्शक असतो की खालचं काळं डांबरच दिसतं. आमच्याकडे गोठत काही नाही. पण मोरीवर, जिथे पऱ्याचं पाणी सतत झिरपतं, तिथे शेवाळ सगळ्यात जाड, आणि तेही काळपट दिसतं, ओल्या डांबरासारखंच. मोरी कुठे आहे ते वरूनच लक्षात ठेवायचं, हे मी तेव्हापासून करते.

दुसरं काम आम्ही वाडीत केलं. सहा जणांनी मिळून मधल्या टप्प्यावर खराटे आणि चुना घेऊन शेवाळ खरवडलं, दोन फांद्या उतरवल्या. गाडी शिकण्याच्या गोष्टीत हे यायला नको असं कोणाला वाटेल, पण त्या एका सकाळने जितकी पकड मिळाली तितकी कुठल्या खटक्याने मिळाली नसती. दर तीन आठवड्यांनी ते परत करावं लागतं.

आता गाडीबद्दल. डीवर ठेवून उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की ऑटोमॅटिक गाडीला वाटतं काम हलकं झालं, आणि ती वरचा गिअर घेते. मग इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेकवर भार आला की चाक सुटतं. म्हणून दांडा एमवर, म्हणजे गिअर आपण ठरवायच्या जागी, घ्यायचा आणि दुसरा गिअर धरून ठेवायचा. तोही उताराच्या आधी, सड्यावर, गाडी सरळ असताना. उताराच्या मध्यावर गिअर खाली टाकला तर चाकांना एकदम हिसका बसतो, आणि निसरड्यावर तेवढा हिसका पुरतो. पहिला गिअर का नको असं मी विचारलं. तो फार घट्ट धरतो, शेवाळावर चाक इंजिनच्या ओढीनेच घसरू शकतं. कोरड्या तीव्र उतारावर पहिला चालेल, इथे दुसरा.

आमच्याकडे उतारावर न्यूट्रल करून सोडायची सवय अनेकांना आहे, डिझेल वाचतं म्हणून. माझे सासरे तसंच करायचे. हल्लीच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळपास बंदच होतं, चाकंच इंजिनला फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. वाचत काही नाही, आणि गाडी धरायला कोणी राहत नाही.

आणि स्नो मोड. भाच्याने खटका स्नोवर फिरवला तेव्हा मी म्हटलं, इथे कशाला? तो म्हणाला, ‘चित्र बर्फाचं आहे गं, पण गाडीला बर्फ दिसत नाही. तिला फक्त चाक घसरलेलं कळतं.’ स्नोवर माझी गाडी दुसऱ्या गिअरने निघते, पाय तेवढाच दाबला तरी ताकद हळू देते, आणि मागच्या चाकांना घसरायची वाट न बघता आधीच कामाला लावते. ऑटोवर ती बहुतेक वेळ पुढच्याच चाकांवर चालते. शेवाळाच्या चढावर हा मंदपणाच हवा असतो. मडवर ती चाकं जास्त फिरू देते, ते खोल चिखलासाठी. ओल्या डांबरावर मड लावून जाणं ही माझी चूक झाली असती, आणि मी ती नक्की केली असती.

त्या उतारावर त्याने मला चौदा वेळा वर-खाली नेलं. पहिल्या पाच वेळा तो शेजारी बसून काहीच बोलला नाही, फक्त माझा पाय बघत होता. सहाव्या वेळी म्हणाला, तू वळणात ब्रेक धरतेस. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर वेग उतरव, वळणात ब्रेक सोड. चाकाकडे पकड ठरावीकच असते. तीच ब्रेकला वापरलीस तर वळायला उरत नाही. पुढची चाकं सरळ घसरायला लागली तर आणखी वळवू नकोस, स्टिअरिंग थोडं परत आण, चाकाला पकड सापडू दे, मग वळव. आणि गडग्याकडे बघू नकोस. जिकडे जायचंय तिकडे बघ, हात डोळ्यांच्या मागे जातात.

हे शेवटचं सगळ्यात कठीण गेलं. त्या दुसऱ्या वळणावर माझे डोळे गडग्यातल्या त्या तीन चिऱ्यांकडेच जायचे. मी ते परत बसवून घेतले होते, पण बाकीचा गडगा काळा पडलेला आणि हे तीन लालभडक.

तळाच्या चिखलात गाडी एकदाच अडकली, जुलैच्या मध्यावर, भाचा परत गेल्यानंतर. मी चाकं फिरवत बसले नाही. जास्त फिरवली की मागच्या चाकांना ताकद जोडणारा आतला क्लच तापतो, आणि चाक स्वतःसाठी खड्डा खणतं. मड लावलं, घसरण रोखणारं बटण बंद केलं, कारण चिखलात ते इंजिनची ताकदच कापून टाकतं. घरून गोणपाटं आणि नारळाची सुकी चुडतं आणून चाकांपुढे घातली आणि अगदी हळू पुढे-मागे, पुढे-मागे करत निघाले. भाच्याच्या गाडीत ह्याच कामासाठी वाळूची पिशवी असते. माझ्या डिकीत आता चार गोणपाटं कायम असतात.

आंबा घाटातून कोल्हापूरला एकदा जाऊन आले, सासूबाईंच्या तपासणीसाठी. धुकं इतकं की पुढच्या एसटीचे दिवे पंचवीस हातांवर दिसायचे. तिथे वेगळं काही शिकले नाही. दुसरा-तिसरा गिअर, खालचे दिवे, काचेवर वाफ धरू नये म्हणून एसी चालू, आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावायचे नाहीत, मागच्याला आपण कुठे वळतो ते कळत नाही. घाट रुंद आहे. माझ्या मते आमचा पाऊण किलोमीटर त्याच्यापेक्षा अवघड.

गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी, २२ ऑगस्टला, आम्ही परत येत होतो. सकाळपासून झड लागलेली. सड्याच्या टोकाला मी खटका स्नोवर फिरवला, दांडा एमवर, दुसरा गिअर, आणि पंधराच्या वेगाने उताराला लागले. पहिलं वळण. मोरी. मोरीवर ब्रेकला पाय लावला नाही. दुसऱ्या वळणाच्या बरंच आधी, झाडांच्या फटीतून, खालून येणारा टेम्पो दिसला. गावातल्या गणपतीच्या शाळेतून वरच्या वाडीच्या मूर्ती निघाल्या होत्या. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, आणि भरलेला टेम्पो त्या चढावर मध्येच थांबला तर परत उचलणं कठीण. वळणाच्या अलीकडे साईडपट्टी जरा रुंद आहे. सरळ रस्ता होता तेवढ्यात मी ब्रेक दाबला. भर्रर्र. पाय तिथेच ठेवला. थरथरत, कटकट करत गाडी कडेला गेली आणि गडग्यापासून हातभर अंतर ठेवून उभी राहिली.

टेम्पो हळूहळू वर आला. मूर्तींवर पारदर्शक प्लास्टिक, त्यावरून पाणी ओघळत होतं. मागे दोन मुलं मूर्तींना धरून उभी होती. मला वाटलं होतं सासूबाई झोपल्यात. आरशात बघितलं तर त्यांनी हात जोडले होते, फिस्च्युलाचा हातही.

खिडकीच्या बाहेर माझे तीन चिरे होते. त्यांच्यावरही आता हिरवं धरायला लागलं होतं. टेम्पो गेल्यावर मी ब्रेक हलकेच सोडला आणि दुसऱ्या गिअरवर गाडी खाली सोडली.